ओरेगॉनच्या चाकोऱ्या : नेब्रास्का ते साउथ पास

पहिला दिवस : ओमाहा ते बिऍट्रिस

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे सोलापूर जिल्ह्यातले बांध मोजल्यानंतर मी निवृत्त झालो, आणि मुलीकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला आल्यावर तिने कुठे जायचे असे विचारले, तेव्हा मी धबधबे आणि उंच इमारती सोडून ‘ओरेगॉन ट्रेल’ या जुन्या गाडीवाटेचे नाव घेतले. एकोणिसाव्या शतकात मिसुरी नदीच्या काठावरून पश्चिमेला ओरेगॉनपर्यंत जाणारी सुमारे दोन हजार मैलांची ही वाट होती. १८४० नंतरच्या तीसेक वर्षांत या वाटेने आणि तिच्या फाट्यांनी तीन ते चार लाख माणसे गेली असे मानतात. पाच दिवसांत तिचा निम्मा भाग तरी पाहावा, असा बेत ठरला. जावईबापूंनी रजा काढली आणि सौ.ने दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

ओमाहा सोडून दक्षिणेला लागताच माझे लक्ष रस्त्यांकडे गेले. आडवे रस्ते पूर्व-पश्चिम, उभे रस्ते दक्षिण-उत्तर, आणि दर मैलाला एक छेद. वळण म्हणून नाही. जावई म्हणाले, इकडे असेच असते. पण असे आपोआप कुठेच नसते. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेच्या सरकारने आपल्या ताब्यातील जमीन विकण्याआधी चौकोनात मोजून घ्यायचे ठरवले. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात छत्तीस सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा, आणि त्यातला सोळावा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला. मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस. इंग्रजांनी ती साखळी दोन्हीकडे नेली. मैलामागून मैल मागे पडत असताना आपण आपल्याच खात्याच्या एखाद्या दूरच्या शाखेत फिरत आहोत, असे मला वाटू लागले.

बिऍट्रिस गावाजवळ होमस्टेड कायद्याचे स्मारक म्हणून राखलेले राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. २० मे १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला, अथवा नागरिक होण्याचा इरादा लेखी जाहीर केलेल्या परदेशी माणसाला १६० एकर जमीन मिळे. मात्र त्याने तिथे घर बांधून, पाच वर्षे राहून ती कसली पाहिजे, आणि तसे दोन साक्षीदारांकरवी शाबीत केले पाहिजे. सगळी फी मिळून अठरा डॉलर. अविवाहित व विधवा स्त्रियांनाही हा हक्क होता. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे. आमच्या तालुक्यात चार गुंठ्यांवरून दोन पिढ्यांचे दावे चालवलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे तो आकडा मी दोनदा मांडून पाहिला.

कायदा अमलात आला त्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी १८६३ रोजी, डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत मध्यरात्रीनंतर लगेच अर्ज भरला, असे सांगतात. स्मारक त्याच्याच जमिनीवर उभे आहे. नकाशात पाहिले तर त्याचे १६० एकर सरळ चौकोनात नाहीत. चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे उलट्या टी अक्षरासारखे जोडलेले आहेत आणि त्यांच्यामधून कब क्रीक हा ओढा जातो. चौकटीतच जमीन घ्यायची होती, पण पाणी आणि झाडे चौकटीत वाहत नाहीत किंवा उगवत नाहीत. तेव्हा या गृहस्थाने तुकडे निवडून ओढा पदरात पाडून घेतला असावा. मला हा माणूस तिथेच आवडला.

संग्रहालयासमोरच्या भिंतीत होमस्टेडची जमीन दिलेल्या तीस राज्यांचे आकार मांडले आहेत, आणि राज्याचा जेवढा हिस्सा या कायद्याने वाटला गेला तेवढ्या प्रमाणाची चौकोनी खिडकी प्रत्येक आकारात कापलेली आहे. नेब्रास्काची खिडकी जवळजवळ निम्म्या राज्याएवढी आहे. एकूण सुमारे सोळा लाख लोकांना सत्ताविस कोटी एकर जमिनीच्या सनदा मिळाल्या. पण अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सनदेपर्यंत पोचता आले नाही. या प्रदेशात लाकूड नसल्यामुळे गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेली माती नांगराने पट्ट्यांत कापून, तिच्या ढेपा विटांसारख्या रचून घरे बांधत. आमच्याकडच्या धाब्याच्या घरासारखेच हे प्रकरण : उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि पावसाळ्यात अंथरुणावर ठिबकणारे. १८७४ साली टोळधाडीने पिके फस्त केली. १२ जानेवारी १८८८ रोजी तर दुपारी अचानक आलेल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले वाटेतच गोठली.

लबाडीही होतीच. घर ‘बारा बाय चौदा’ असावे असे नियमात असताना फूट की इंच हे लिहिलेले नसल्याने काहींनी बारा इंच बाय चौदा इंचांची खुराडी ठेवून जागेवर घर असल्याची शपथ घेतली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा नसो, खात्यात नोकरी केलेल्या कोणालाही ती अशक्य वाटणार नाही.

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली, तिच्या परंपरेतच मी पोट भरले. पण विंगेटच्या माणसांसमोर नांगरलेली शेते होती, त्यांचे बांध होते, बांधावर उभे राहून भांडणारे कुणबी होते. ते जे होते ते मोजायचे. इथे मोजणी आधी आली आणि शेत मागाहून. मोजणारे जणू कोऱ्या कागदावर रेघा ओढत गेले. कागद मात्र कोरा नव्हता. या भागात ओटो-मिसुरिया हे मूळ रहिवासी लोक मक्याची शेती करत आणि वर्षातून ठरावीक काळी बायसन या रानगव्यासारख्या जनावराच्या शिकारीला जात. १८५४ च्या करारात त्यांनी बहुतेक जमीन सोडली, बिग ब्लू नदीकाठी एक पट्टा राखला, आणि १८८१ मध्ये त्यांना तिथूनही आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. नेब्रास्का हे नावही त्यांच्याच भाषेतले आहे, अर्थ ‘सपाट पाणी’.

दुसरा दिवस : प्लॅट नदीच्या काठाने

हा दिवस मुख्यतः गाडीत बसण्यात गेला. सपाट पाणी म्हणजे प्लॅट नदी, आणि प्लॅट या फ्रेंच शब्दाचाही अर्थ ‘सपाट’ असाच. रुंद, उथळ, वाळूच्या बेटांतून दहा धारांनी वाहणारी ही नदी पाहून सौ.ला उन्हाळ्यातल्या भीमेची आठवण झाली. नावा चालवायला ती निरुपयोगी, पण बैलांना पाणी, काठाला गवत आणि शेकडो मैल चढ-उतार नसलेली वाट तिने दिली, म्हणून सगळे तांडे तिला धरून गेले.

कार्नीजवळ १८४८ साली वाटसरूंच्या संरक्षणासाठी लष्कराने ठाणे उभारले. फोर्ट म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तटबुरूज येतात. इथे तसे काही नव्हते. मोकळ्या मैदानाभोवती काही इमारती, एवढाच किल्ला. रेल्वे आल्यावर त्याचे काम संपले, १८७१ मध्ये तो सोडून दिला गेला आणि पुढे त्या जागेवरही होमस्टेडवाले आले. आज दिसते ती नव्याने बांधलेली प्रतिकृती आहे. तिथे अर्धा तास पुरला.

बैलगाड्यांचा तांडा दिवसाला साधारण पंधरा मैल जाई. ताशी पंचाहत्तर मैलांच्या हमरस्त्यावर आमचे पंधरा मैल बारा मिनिटांत होत होते. मुलगी दर बारा मिनिटांनी ‘मुक्काम’ असे ओरडू लागली आणि ओगालालाला पोचेपर्यंत आमचे दोन आठवडे होऊन गेले. वाटेत घड्याळही एक तास मागे गेले.

संध्याकाळी ॲश हॉलोला गेलो. तिथल्या उभ्या उतारावरून गाड्या खाली उतरवणे हे या वाटेवरचे पहिले मोठे संकट होते. चाके साखळीने जखडून, मागे दोर बांधून, माणसे दोराला लोंबकळत गाड्या खाली सोडत. त्या घसरणीच्या चाकोऱ्या पावसाने रुंद होऊन आता घळी झाल्या आहेत. चाकोरी हा शब्द आपण ‘चाकोरीतले आयुष्य’ असा बेचव करून टाकला आहे; मूळ चाकोरी किती धोक्याची असते ते त्या टेकडीवर उभे राहिल्यावर कळते. जवळच ब्लू वॉटर या ओढ्याकाठी सप्टेंबर १८५५ मध्ये जनरल हार्नी यांच्या सैन्याने लाकोटा या स्थानिक जमातीच्या छावणीवर हल्ला करून ८६ जणांना मारले, आणि त्यांत बायकामुले होती. हे का घडले याचे उत्तर दोन दिवस पुढे, फोर्ट लॅरमीजवळ होते.

तिसरा दिवस : सुळका आणि धाव

सपाटीचा कंटाळा यावा आणि नेमके तेव्हाच क्षितिजावर काहीतरी उभे राहावे, अशी या खोऱ्याची रचना आहे. आधी कोर्टहाउस आणि जेल हे दोन खडक, मग चिमणी रॉक. शंकूच्या आकाराच्या पायथ्यावर उभा असलेला मऊ खडकाचा हा सुळका जमिनीपासून तीनशे फुटांहून थोडा उंच भरतो. वाटसरूंच्या रोजनिशांत याच्याइतका उल्लेख दुसऱ्या कोणत्याही खुणेचा नाही. तांड्याला तो दोन-तीन दिवस आधीपासून दिसू लागे. आम्ही दशम्या खाल्ल्या त्या त्याच्याकडे बघत.

त्यापुढचा स्कॉट्स ब्लफ हा नदीपासून आठशे फूट उंच कडा. माथ्यावर जाणारा, तीन बोगदे असलेला काँक्रीटचा रस्ता १९३० च्या दशकातल्या मंदीत बेरोजगार तरुणांकडून करवून घेतलेला आहे. वरून मिचेल खिंडीतली जुनी वाट स्पष्ट दिसते. खाली एक गाडी ठेवली आहे, आणि तिला पाहून माझा एक जुना गैरसमज गेला. चित्रपटांमुळे ती प्रचंड असते असे वाटे. प्रत्यक्षात तिचा हौदा दहा फूट लांब आणि चारच फूट रुंद. त्यात माणशी दोनशे पौंड पीठ आणि दीडशे पौंड खारवलेले मांस भरल्यावर माणसांना जागाच उरत नसे, म्हणून बहुतेक लोक, बायका आणि मुलेसुद्धा, दोन हजार मैल चालत गेले. गाड्या ओढायला घोड्यांपेक्षा बैल पसंत करत, कारण बैल स्वस्त, काटक आणि वाटेच्या गवतावर भागवणारा.

स्कॉट्सब्लफ शहराच्या कडेला रेल्वेमार्गाशेजारी रिबेका विंटर्स या बाईंची कबर आहे. मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर युटाकडे जाताना १५ ऑगस्ट १८५२ रोजी पटकीने त्या गेल्या. या वाटेवर माणसे मेली ती मुख्यतः पटकीने, गाडीखाली सापडून आणि नद्यांत बुडून; स्थानिक लोकांच्या हल्ल्यांत मेलेल्यांची संख्या त्यामानाने फार थोडी होती. मेलेल्यांना वाटेतच पुरत आणि तांडा पुढे जाई. रिबेकाबाईंच्या बाबतीत एकाने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर त्यांचे नाव आणि ‘वय ५० वर्षे’ अशी अक्षरे छिन्नीने कोरली आणि ती वाकवून कबरीवर रोवली. १८९९ मध्ये रेल्वेची आखणी करणाऱ्या मोजणीदारांना ती सापडली, आणि त्यांनी मार्ग थोडा सरकवला असे सांगतात. पुढे १९९५ मध्ये ती कबर रुळांपासून आणखी दूर, सुरक्षित जागी हलवण्यात आली.

धाव अजून तिथे आहे. आमच्या आजोबांच्या वाड्यात मोडलेल्या गाडीची धाव विहिरीच्या काठावर कितीतरी वर्षे पडून होती. सौ.ने काही न बोलता कबरीला नमस्कार केला.

चौथा दिवस : फोर्ट लॅरमी

सकाळी वायोमिंगच्या दिशेने निघालो आणि राज्याच्या हद्दीजवळ हॉर्स क्रीकचा ओढा ओलांडला. सप्टेंबर १८५१ मध्ये याच ओढ्याकाठी लाकोटा, शायेन, अरापाहो, क्रो अशा अनेक जमातींचे सुमारे दहा हजार लोक जमले होते. गाड्यांमुळे गवत संपत होते, बायसनचे कळप बिथरत होते, आणि पटकी वाटेकडेच्या गावांतही शिरली होती. वाटसरूंना जाऊ द्यावे, त्या बदल्यात सरकारने पन्नास वर्षे दरसाल पन्नास हजार डॉलरचा माल द्यावा, असा करार झाला. प्रत्येक जमातीच्या प्रदेशाच्या चतुःसीमाही लिहिल्या गेल्या. नंतर अमेरिकेच्या सिनेटने पन्नास वर्षांची दहा वर्षे केली. सह्या झाल्यावर दस्तातला आकडा बदलला तर आमच्या कचेरीत त्याला खाडाखोड म्हणत आणि त्याबद्दल माणूस निलंबित होई.

फोर्ट लॅरमी हे मुळात १८३४ साली कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी उभारलेले ठाणे. १८४९ मध्ये लष्कराने ते चार हजार डॉलरला विकत घेतले. आज त्याच्या काही इमारती नीट राखल्या आहेत, काहींच्या नुसत्या चुनेगच्ची भिंती उभ्या आहेत. १८४९ चे अधिकाऱ्यांचे दुमजली लाकडी घर वायोमिंगमधली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानली जाते.

इथून काही मैलांवर, ऑगस्ट १८५४ मध्ये, एका मॉर्मन वाटसरूची एक गाय लाकोटांच्या छावणीत भरकटली आणि एका पाहुण्या माणसाने ती मारून खाल्ली. जमातीच्या प्रमुखाने, कॉंकरिंग बेअर याने, भरपाई म्हणून घोडा देऊ केला. १८५१ च्या कराराच्या वेळी अमेरिकनांनीच त्याला सर्वांचा मुख्य म्हणून निवडले होते. तरीही लेफ्टनंट ग्रॅटन हा नुकताच लष्करी शिक्षण संपवून आलेला तरुण एकोणतीस सैनिक, एक दुभाषी आणि दोन तोफा घेऊन गाय मारणाऱ्याला पकडायला गेला. दुभाषी दारू प्यालेला होता. बोलणी फिसकटली, गोळ्या सुटल्या, प्रमुखाला जखमा झाल्या आणि तो त्यांतच पुढे मेला. ग्रॅटनची जवळपास सगळी तुकडी तिथेच कापली गेली. परवा ॲश हॉलोजवळ ज्यांच्या मरणाबद्दल वाचले ती ८६ माणसे या गायीचा बदला होती. आपल्याकडे भरकटलेले जनावर कोंडवाड्यात जाते, दंड भरून सुटते आणि भांडण चावडीवर मिटते. कोंडवाड्यासारखी क्षुल्लक वाटणारी सोय किती रक्त वाचवत असेल, हे मला त्या मैदानात उभे राहूनच सुचले.

१८६८ चा दुसरा करारही इथलाच. त्यात ब्लॅक हिल्स या टेकड्यांसह मोठा प्रदेश लाकोटांसाठी राखला गेला, आणि त्यातील जमीन पुढे घ्यायची झाल्यास त्यांच्यातील तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती लागेल, असे कलम घातले गेले. १८७४ मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला तिथे सोने सापडले. १८७७ मध्ये ती संमती न मिळवताच कायद्याने टेकड्या घेण्यात आल्या. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे भरपाई देण्याजोगे ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना पैसे नकोत, टेकड्या हव्यात. भूसंपादनाचा मोबदला नाकारून कोर्टात वर्षे काढणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पण इतका लांबलेला निषेध माझ्या ऐकण्यात नाही.

दुपारी गर्न्सीजवळच्या चाकोऱ्या पाहिल्या. मोकळ्या माळावर गाड्या धूळ टाळायला पसरून चालत, म्हणून तिथे खोल खुणा उरल्या नाहीत. इथे मात्र नदी आणि टेकडी यांच्यामध्ये वालुकाश्माची एक धारच आडवी आल्याने सगळ्यांना एकाच रेषेने जावे लागले, आणि चाकांनी खडक कुठे कुठे पाच फूट खोल कापला. मी त्यात उतरलो तर कड छातीपर्यंत आली. मधोमध बैलांची आणि माणसांची वाट, दोन्ही बाजूंना आसाची टोके घासून पडलेले ओरखडे. चाकाची रुंदी मोजायचा मोह झाला, पण टेप हॉटेलवर राहिली होती.

पाचवा दिवस : इंडिपेंडन्स रॉक आणि खिंड

कॅस्परहून निघून स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात शिरलो. कासवाच्या पाठीसारखा दिसणारा इंडिपेंडन्स रॉक हा सुमारे १३० फूट उंच आणि भोवताली मैलभराहून जास्त घेर असलेला ग्रॅनाइटचा खडक आहे. ४ जुलैच्या आत इथे पोचलेला तांडा बर्फ पडण्याआधी डोंगर ओलांडेल, असा हिशेब होता. खडकावर हजारो नावे आहेत. काही कोरलेली, काही वंगणाने रंगवलेली आणि आता पुसट झालेली. आपल्या किल्ल्यांवर खडूने नाव लिहिणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर रागावलो, आणि इथे तसलीच नावे सरकार जपून ठेवते आहे. दीडशे वर्षे थांबले की गैरकृत्याचा दस्तऐवज होतो, असे जावई म्हणाले. मला ते पटले नाही, पण उत्तरही सुचले नाही.

साउथ पास पाहिल्यावर सौ. म्हणाली, खिंड कुठे आहे? प्रश्न रास्त होता. बोरघाट किंवा थळघाट पाहिलेल्या माणसाला ही खिंड वाटणारच नाही. मैलोगणती रुंद, करड्या सेजच्या झुडपांनी भरलेला, कळेल न कळेल असा उंचवटा. उंची मात्र सुमारे ७,४०० फूट, कळसूबाईपेक्षा दोन हजार फूट जास्त. रॉकी पर्वतात बैलगाड्या नेता येतील असा हा एवढाच सोपा मार्ग होता. तो नसता तर ओरेगॉनला कुटुंबकबिल्यासह जाण्याची कल्पना कोणी गंभीरपणे केली असती असे वाटत नाही. १८३६ मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि इलायझा स्पॉल्डिंग या दोन धर्मप्रचारकांच्या पत्नी इथून गेल्या, ही खिंड ओलांडणाऱ्या त्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. इंदापूरच्या पाहणीचे साल आणि हे साल जवळजवळ एकच आहे, हे सांगितल्यावर घरच्यांनी मान डोलावली, पण माझ्याइतका आनंद कोणाला झाला नाही.

त्या दोघींच्या नावाचा दगड पाहायला शेवटचा भाग आम्ही कच्च्या वाटेने चालत गेलो. वाऱ्याने बोलणे ऐकू येत नव्हते. पूर्वेचे पाणी मिसिसिपीतून अटलांटिकच्या बाजूला जाते, पश्चिमेचे कोलोरॅडोतून पॅसिफिककडे. घर दिसत नव्हते, कुंपण दिसत नव्हते. एकशेसाठ एकर फुकट मिळूनही इथे कोणी टिकले नसते, कारण इथे १६० एकरांवर चार गायीसुद्धा वर्षभर जगणार नाहीत. पूर्वेच्या ओल्या मातीत बसवलेला आकडा या कोरड्या प्रदेशाला लागू करणे ही होमस्टेड कायद्याची मोठी चूक होती. म्हणून यातला बहुतेक भाग अजूनही सरकारी पड जमीन आहे.

परत येताना वाटेच्या कडेला माझ्या बुटाला काहीतरी लागले. जमिनीतून जेमतेम वर आलेला लोखंडी पाइप, आणि त्यावर बशीएवढी पितळी टोपी. मोजणीचा दगड मला ओळखू न येईल असे होणे नाही. मी गुडघे टेकून रुमालाने माती पुसली. टोपीवर टाउनशिप, रेंज आणि चार बाजूंच्या चार सेक्शनांचे आकडे ठोकलेले होते, मध्ये छेदणाऱ्या दोन रेघा, आणि कडेने लिहिले होते की ही खूण काढल्यास २५० डॉलर दंड होईल. मुलीने विचारले, इथे कोण येणार आहे काढायला? मी होकायंत्र लावून पाहिले. उभी रेघ बरोबर उत्तरेला होती.